आधी पॅनल, मग बॅटरी

श्रावणातल्या आदितवारी मी उठल्यापासून आदित्यराणूबाईची कहाणी वाचून होईपर्यंत बोलत नाही. माझी आई हे करायची, तिच्याकडून मी घेतलं. लग्न झालं, सासर बदललं, तरी नेम राहिला. पुढे घर चाकांवर आलं, तेव्हाही राहिला.

घर चाकांवर आलं ते मालूवन्संमुळे. मालविका म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. शाळेत खेळाच्या बाई होत्या. मैदानाच्या एका टोकाला शिट्टी मारली की दुसऱ्या टोकाची मुलं जागच्या जागी थिजत. लग्न केलं नाही. "एवढ्या पोरांना पळवते, आणखी एका नवऱ्याला कुठे पळवू?" असं म्हणायच्या. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांना जिना चढवेना. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कडक होत चालली आहेत, थांबवता येणार नाही. कोरडी, स्वच्छ हवा मिळाली तर दिवस वाढतील.

त्याच सुमाराला हवेचा नकाशा नवीन निघाला होता. उद्या कुठल्या तालुक्यात श्वास घ्यायला हवा कशी असेल, हे आदल्या संध्याकाळी कळायचं. दुखऱ्या छातीची माणसं आणि त्यांची घरची मंडळी गाड्यांमध्ये संसार घालून त्या नकाशामागे फिरू लागली. गावागावांच्या बाहेर त्यांच्यासाठी गाडीतळ झाले. गावकरी आम्हाला 'हवेकरी' म्हणत. "आले बघा हवेकरी, हवा खायला."

ह्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि आठ महिन्यांत स्वतःच्या हातांनी तिचं घर केलं. चौतीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपात काढलेला माणूस, शेवटची बारा वर्षं फोरमन. पलंग, ओटा, न्हाणी, माझ्यासाठी खिडकीपाशी पूर्वेला तोंड करून दीड फुटाचं देवघर, सगळं ह्यांनी केलं. वन्संच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र बसवलं. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीवाटे नाकाशी देतं. चोवीस तास चालायला हवं. त्याला वीज हवी, आणि वीज छतावर होती.

छतावर पॅनल म्हणजे आता काच नसते. कापडासारखी पातळ फिल्म असते, अख्ख्या छताला चिकटवलेली. ही फिल्म ढगाळ उजेडातही वीज करते. एवढंच नाही, तिच्या पोटात थोडी वीज साठून राहते. पूर्वी पॅनलवर ताडपत्री टाकली की ते मुकाट्यानं बंद पडायचं. हिच्यावर घोंगडं टाकलं तरी पाव तास ती जिवंतच. तिचा दाब एकशेवीस व्होल्ट, घरातली सगळी यंत्रं चोवीसवर चालणारी. मध्ये चार्ज कंट्रोलर. छताकडून येणारं जोरकस पाणी बॅटरीच्या हौदात बेताबेतानं सोडणारा माणूसच म्हणा ना. आमचा बोलायचासुद्धा, आणि घरात कोण कुठे आहे ते बघायचा, ऐकायचाही.

"पोतनीसांना नमस्कार. बॅटरी ब्याण्णव टक्के. आज ऊन चांगलं आहे."

त्याचं नाव वन्संनी भास्करराव ठेवलं. "दादा, तुझ्यापेक्षा हे बरे बोलतात. निदान नमस्कार तरी करतात."

माण तालुक्यातल्या माळावर आम्ही तिसरा श्रावण काढत होतो. कोकणात, पुण्यात पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे ढग नुसते वरून जातात. तिथल्या तळावर रेश्मा मुलाणीचं वर्कशॉप होतं. तिशीची मुलगी, हातात कायम टेस्टर. आदल्या वर्षी आमचा कंट्रोलर तिनंच बदलला होता, आणि बदलताना मला खाली बसवून शिकवलं होतं.

"काकू, हा कंट्रोलर आंधळा असतो बघा. त्यानं बॅटरीचा हात धरला की त्याला कळतं, आपण किती व्होल्टच्या घरात आहोत. म्हणून जोडताना आधी बॅटरी जोडायची, त्याला हात द्यायचा. मग पॅनलचा खटका वर. सोडवताना उलटं. आधी पॅनलचा खटका खाली, सूर्य बंद. मगच बॅटरीचा हात सोडवायचा."

"आणि चुकून आधी बॅटरी सोडवली तर?"

"मग वरून सूर्य येतोय, खाली हौद नाही. सगळं पाणी घरात. फ्रिज, पंखे, मालूआत्याचं यंत्र, एका क्षणात जाळील."

मला ते चटकन उमगलं. पूजेत तरी काय वेगळं असतं? आधी चौरंग, कलश, मग आवाहन. उठवताना आधी विसर्जन, मग चौरंग हलवायचा. देव बसलेले असताना खालचा चौरंग ओढायचा नसतो.

हे बाजूला हात पुसत उभे होते. म्हणाले, "रेश्मा, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी बॅटऱ्या काढतोय. गाडीला हात लावायचा तर पहिली बॅटरीची मायनस काढायची. हे माझ्या हाताला विचार, झोपेतही सांगेल."

"काका, तुमच्या बसला डोक्यावर सूर्य नव्हता."

हे हसले. वन्संनी नाकातली नळी सावरत टाळी वाजवली. "फोरमन बाद!"

त्याच दिवशी मी रेश्माला बाजूला घेऊन विचारलं होतं, भास्कररावांना श्रावणातल्या रविवारी सकाळी गप्प बसवता येईल का. माझं मौन असतं, आणि कहाणी हातात घेतली की हे बॅटरीचे टक्के सांगू लागतात.

"येईल की. पण काकू, बंद म्हणजे सगळंच बंद हां. धोक्याची सूचनासुद्धा. नुसता लाल दिवा लागेल, तो तुमच्या देवघराच्या वर."

"चालेल," मी म्हटलं. "दिवा मला दिसतोच."

तिनं तशी नोंद घातली. यंत्रानं ती शिकून घेतली. पुढच्या श्रावणात त्यानं आपणहून पंचांग पाहिलं आणि रविवारी पहाटेपासून तोंड मिटून बसलं. मला खरं सांगते, फार बरं वाटलं. घरातलं कुणीतरी माझा नेम पाळत होतं.

कारण तोवर माझ्यापाशी फारसं उरलं नव्हतं. वन्संचं यंत्र आलं तेव्हा उदबत्ती गेली. धुरानं त्यांचा जीव घाबरा व्हायचा. मग धूप गेला, मग कापूर. शेवटी निरांजन गेलं. ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही, ते बरोबरच होतं. ह्यांनी मला समईच्या आकाराचा विजेचा दिवा आणून दिला, तो भास्कररावांच्या तारेवर लागायचा. मी त्यालाच हळदकुंकू वाहायची. वासाची फुलंही बंद झाली. मी कधी एका शब्दानं बोलले नाही. आमच्याकडे मुळात माझ्या बोलण्याची कुणाला सवय नाही. मौन तेवढं माझं उरलं होतं. त्याला धूर नव्हता, ज्योत नव्हती, त्यानं कुणाला ठसका लागत नव्हता.

आणि ते वन्संसाठीच होतं, हेही सांगायला हवं. त्या वर्षी श्रावणात रविवार पाच आले होते. पाचही मौनानं करीन, त्यांना पुढचा श्रावण दाखव, असं मी सूर्यनारायणाला म्हटलं होतं. मध्ये मोडलं तर ते व्रत पुढच्या वर्षी पहिल्यापासून धरायचं असतं. त्यांच्यापाशी पुढचं वर्ष नव्हतं, म्हणून तर धरलं होतं.

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी नकाशा बदलला. दोन दिवसांत वारा फिरणार होता. तळावरच्या बाकीच्या चार गाड्या शनिवारी दुपारीच जतकडे निघून गेल्या.

"आपणही निघू या का?" ह्यांनी विचारलं.

"उद्या पूजा झाली की निघू," मी म्हटलं. "रस्त्यात पूजा कुठे मांडू?"

वन्सं पलंगावर टेकून बसल्या होत्या. आता त्या एका दमात चार-पाच शब्दच बोलत.

"दादा, बघ. वाऱ्यालासुद्धा हिच्या देवाची... परवानगी लागते."

"मालू, एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"मला काय. तिचे देव आणि मी... एकाच खोलीत. कोण आधी गुदमरतं... ते बघायचं." मग माझ्याकडे बघून हसल्या. "चिडू नकोस गं वहिनी. तू चिडतच नाहीस, तोच तर वैताग आहे. श्रावण संपला की... पापलेट तळ. तेवढी परवानगी घेऊन ठेव."

हेही हसले. मी ओटा पुसत राहिले. नेहमी मी असल्या बोलण्यावर हसते. त्या संध्याकाळी हसले नाही. उदबत्तीपासून निरांजनापर्यंत सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मनात आलं, वन्संसाठी मी काय काय सोडलं ते त्यांना ठाऊक तरी आहे का. भास्करराव तेव्हा म्हणाले, "बॅटरीचं टर्मिनल गरम होत आहे. तपासून घ्यावं."

"ढिलं झालं असेल," हे म्हणाले. "सकाळी निघायच्या आधी आवळतो. काळं पडलं असेल तर घासून घेतो."

रविवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. माळावर आमची एकटीच गाडी. मी डोक्यावरून न्हाले, विड्याच्या पानावर रक्तचंदनाची आदित्यराणूबाई काढली, सहा पदरी दोरा घेऊन सहा गाठी मारल्या. वन्संना डोळा लागला होता. यंत्र त्यांच्या उशाशी दम भरत होतं, सुस्कारा सोडत होतं. हे मधल्या जागेतली फळी उचलून पोटावर पालथे झाले, डोकं आणि दोन्ही हात खाली बॅटरीच्या कप्प्यात.

मी पानावर फूल वाहत होते, तेव्हा देवघराच्या वर लाल दिवा लागला.

मी वळून पाहिलं. पॅनलचा खटका दारापाशी, माझ्यापासून चार पावलांवर, मध्ये ह्यांचे आडवे पाय. खटका वर होता. छतावर अख्खा सूर्य पसरला होता आणि हे खाली पान्यानं मायनसचा नट सोडवत होते. त्यांचा हात त्यांना सांगत होता ते करत होते.

मला सगळं समजलं. असं म्हणायला मला जागा नाही की समजलं नाही. त्या घरात ते नीट समजलेली मी एकटीच होते.

पहिल्यांदा वाटलं, आत्ता ह्यांना आठवेल. मग मी घंटा उचलली आणि वाजवली. जोरात. ह्यांनी डोकं वर काढलं नाही. पूजेत घंटा वाजतेच. पुन्हा वाजवली, आणखी जोरात. आतून आवाज आला, "हो हो, झालंच माझं. चालू दे तुझं."

तोंडात शब्द आला होता. 'थांबा.' तो जिभेवर होता आणि त्याच वेळी मनात होतं की हा चौथा रविवार आहे, आता एकच राहिला. मोडलं तर वन्संना पुढचं वर्ष नाही. आणि त्याच्याही खाली, कुठेतरी तळाशी, शनिवारची संध्याकाळ होती. ती नव्हती असं मला म्हणता येत नाही. किती होती, ते मला माहीत नाही.

मी घंटा टाकून उठले, ह्यांचे पाय ओलांडून खटक्याकडे हात केला. बोटं पोचली नाहीत.

ठप्प असा आवाज झाला, फार मोठा नाही. माझा विजेचा दिवा एकदम ढणढण पांढरा झाला आणि फुटला. डोक्यावरच्या पंख्यातून धूर आला. वन्संच्या उशाशी यंत्रानं एक दम भरला तो सोडलाच नाही.

मग मी ओरडले. मौन मोडलं ते किंचाळीनं. काय ओरडले ते आठवत नाही. हे मागाहून म्हणाले, मी "थांबा" म्हटलं.

गाडी सुरू होईना; तिचं सर्किट त्याच तारेवर होतं. अडचणीसाठी म्हणून ठेवलेलं सिलिंडर जोडलं. वन्संच्या गरजेला ते चाळीस मिनिटं पुरायचं. रुग्णवाहिका तालुक्याहून निघाली म्हणाले, पण वाटेत नदीवरचा पूल बंद होता, वळसा घालून यायला तास लागणार होता. दुसऱ्या गाड्या असत्या तर कुणाचं तरी यंत्र मिळालं असतं. त्या जतला होत्या. रेश्मा घरून धावत आली, जळका वास येताच तिनं पहिल्यांदा खटका पाडला आणि मग आमच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं पिकअप काढली. मागे गादी टाकून वन्संना निजवलं, रुग्णवाहिका वाटेत गाठायची म्हणून निघालो.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हे सिलिंडरचा काटा बघत होते. ओठ निळे पडत चालले तरी वन्सं जाग्या होत्या. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सारखी बोलत होते. आत्ता पोचू, हे बघा, घाट उतरलो, आत्ता येईल गाडी. इतकं मी त्यांच्याशी बावीस वर्षांत बोलले नसेन.

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे टक लावून पाहिलं. कपाळावरचं माझं रक्तचंदन त्यांना दिसलं असावं.

"बोललीस की गं," त्या म्हणाल्या. श्वास घेतला. "मोडलंस... आता पुढच्या वर्षी... परत धर."

चेष्टेनंच म्हणाल्या. त्या तशाच होत्या. काटा शून्यावर गेला तेव्हा रुग्णवाहिका समोरून येताना दिसत होती, माळावरची धूळ उडवत, बऱ्याच लांबून.

तेराव्यानंतर कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. सरपोतदार नावाचा, सभ्य, सारखा "सॉरी काकू" म्हणणारा. जळलेल्या भास्कररावांच्या पोटातून त्यानं एक बोटाएवढा तुकडा काढला. बाहेरचं सगळं जळतं, तो जळत नाही. त्यात शेवटच्या दिवसाची नोंद होती. सरपोतदारनं ती पडद्यावर काढून ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली, हजेरी घ्यावी तशी.

"आठ एकेचाळीस सात. बॅटरीच्या नटाला धातूचा स्पर्श, पॅनल चालू. तोंडी सूचना बंद, कारण मौन. लाल दिवा लागला. आठ एकेचाळीस आठ. देवघरापाशी बसलेल्या व्यक्तीनं वळून पाहिलं. आठ एकेचाळीस अकरा, घंटेचा आवाज. आठ एकेचाळीस तेरा, घंटेचा आवाज. आठ एकेचाळीस अठरा. बॅटरी सुटली."

त्यांनी चष्मा काढला.

"अकरा सेकंद," म्हणाले. "उज्ज्वला, अकरा सेकंद तू बघत होतीस."

मला हे नेहमी उज्जू म्हणत. लग्नात हे नाव ठेवलं तो दिवस सोडला, तर ह्यांच्या तोंडून पूर्ण नावाची हाक मी पहिल्यांदा ऐकली.

"मी घंटा वाजवली."

"घंटा! 'अहो' म्हणायला किती वेळ लागतो? अर्धा सेकंद? एरवी दिवसातून पन्नासदा म्हणतेस."

"वन्संसाठीच ते मौन—"

"मालूचं नाव घेऊ नकोस."

सरपोतदार खाली मान घालून तारा गुंडाळत होता. मी आयुष्यात ह्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, तेही हळूच.

"खटका तुम्ही पाडला नव्हता. रेश्मानं तुमच्यासमोर सांगितलं होतं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. बोटं मिटली, उघडली. "चौतीस वर्षं," म्हणाले, "आधी मायनस. चौतीस वर्षांत माझ्या वर्कशॉपात एका माणसाला शॉक लागला नाही."

माझ्याशी ते त्यांचं शेवटचं बोलणं. त्याला आता वर्ष होत आलं.

पुण्याची जागा आम्ही कधीच सोडून दिली होती, म्हणून राहतो गाडीतच. हवेचा नकाशा आता बघायची गरज नाही, तरी हे रोज संध्याकाळी बघतात. जेवायला वाढलं की जेवतात. मीठ कमी असलं तर उठून घेतात. रेश्माकडे निरोप सांगतात, ती मला सांगते. शेजारच्या गाडीतल्या बायका म्हणतात, तुमचं जोडपं किती शांत आहे हो.

मधल्या काळात कायदा झाला. धोक्याची सूचना कुणालाही, कशासाठीही बंद करता येणार नाही. दुसरंही एक झालं. कुणीतरी अभ्यास केला होता की यंत्राच्या आवाजाला माणसं सरावतात, कान देत नाहीत. घरच्या माणसाचा आवाज आला की हात जागच्या जागी थांबतो. म्हणून नव्या कंट्रोलरमध्ये ज्याच्या-त्याच्या घरातल्या एकाचा आवाज भरायचा. कोणाचा भरायचा ते मालकानं लिहून द्यायचं.

रेश्मानं कागद आणला. ह्यांनी त्यावर माझं नाव लिहिलं होतं.

"काकू, तुम्हाला नको असंल तर मी काकांना सांगते," ती म्हणाली. "माझा आवाज घालू. नाहीतर कंपनीचा राहू दे."

"नको. त्यांनी लिहिलंय ना."

तिनं तोंडापुढे मायक्रोफोन धरला. वाक्य ठरलेलं होतं: थांबा. आधी पॅनलचा खटका पाडा, मग बॅटरी. पहिल्या खेपेला रेश्मा म्हणाली, फार हळू झालं. दुसऱ्या खेपेला मी पहिल्या शब्दावरच थांबले. "मोठ्यानं, काकू. अंगावर आल्यागत. कोणतरी मरतंय असं समजून म्हणा." म्हणाली आणि जीभ चावली. तिसऱ्या खेपेला झालं.

नवा कंट्रोलर बसला. तो नमस्कार करत नाही. त्याला नाव कुणी ठेवलं नाही.

यंदाचा श्रावण आला. मौन मी धरलं नाही. कुणाशी बोलणंच नाही तिथे मौन कसलं धरायचं? ज्याचा त्याग करायचा ते आधी आपल्यापाशी असावं लागतं. निरांजन मात्र आता लावते. उदबत्ती, कापूर, वासाची फुलं, सगळं करता येतं. खोलीभर धूर होतो. कुणाला ठसका लागत नाही.

पहिल्या आदितवारी मी विड्याच्या पानावर चंदन लावत होते. हे उठले, मधली फळी उचलली, पान्याची पेटी घेतली आणि पोटावर पालथे झाले, तसेच. माझ्या हातातलं पान खाली पडलं. धातू धातूला लागल्याचा बारीक आवाज आला, आणि कप्प्यातून माझाच आवाज आला, मोठा, अंगावर आल्यासारखा.

"थांबा! आधी पॅनलचा खटका पाडा, मग बॅटरी."

पाना नटावरून निघेपर्यंत तो आवाज थांबत नाही, तसाच केलेला आहे. "थांबा! आधी पॅनलचा खटका पाडा, मग बॅटरी. थांबा!" हे पाना तसाच धरून पडले होते. फिरवत नव्हते. नट ढिला नव्हता, टर्मिनल गरम नव्हतं, तिथे काही काम नव्हतं. मी मोजत नव्हते, पण मोजल्याशिवाय मला कळलं किती वेळ झाला ते. मग त्यांनी पाना काढला, फळी लावली, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या आदितवारी तेच. त्याच वेळेला, आठ एकेचाळीसला.

तिसऱ्या आदितवारी ते फळी उचलायला वाकले, तेव्हा मी पूजा सोडून उठले. त्यांच्या पायांपाशी उभी राहिले. खाली पाना नटाला लागायच्या आत मी बोलले. स्वतःच्या तोंडानं, शेजारच्या गाडीत जाईल इतक्या मोठ्यानं.

"अहो, थांबा!"

पाना हवेत थांबला. ते ऐकत होते, ते मला त्यांच्या पाठीवरून दिसलं. मान मात्र वळली नाही. मग त्यांनी पाना खाली नेला, नटाला टेकवला, आणि डोळे मिटून त्या आवाजाकडे कान लावला.

"थांबा!" मी खालून म्हणत होते. "आधी पॅनलचा खटका पाडा..."

त्यांनी पुरते अकरा सेकंद ऐकून घेतलं.